साहित्य संमेलने, विविध समाजस्तरांतील लेखक आणि माध्यमिक विद्यार्थी : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

सातारा व सांगली या जिल्ह्यांना साहित्य संमेलनांची व ग्रंथोत्सवांची दीर्घ परंपरा आहे. निरनिराळ्या जाती-जमाती, व्यवसाय व बोली यांतून आलेल्या लेखकांची परंपराही येथे तितकीच समृद्ध आहे. तथापि माध्यमिक शाळेतील विद्यार्थी या दोन्हींपासून बव्हंशी दूर राहतो. संमेलनात तो ग्रंथदिंडीत चालतो, स्वागतगीत म्हणतो आणि परततो. लेखकाच्या भेटीपूर्वी त्याचे लेखन वाचले गेले, तरच ती भेट वाङ्मयीन ठरते, अन्यथा तो केवळ सत्कारसमारंभ होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्या दृष्टीने कार्यक्रमाची रचना, त्यातील अडचणी आणि महाविद्यालयांची भूमिका यांचे विवेचन येथे केले आहे.

बीजशब्द : साहित्य संमेलन, माध्यमिक विद्यार्थी, आत्मकथन, बोली, वाचनसंस्कृती, विस्तारकार्य.

१. प्रस्तावना

जानेवारी २०२६ मध्ये ९९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सातारा येथे कादंबरीकार विश्वास पाटील यांच्या अध्यक्षतेखाली पार पडले. त्याच्या आदल्या वर्षी दिल्ली येथे भरलेल्या ९८ व्या संमेलनाचे अध्यक्षपद सांगलीच्या लोकसाहित्याच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर यांनी भूषविले होते. लागोपाठच्या दोन वर्षांत या दोन जिल्ह्यांना लाभलेला हा मान अभिमानास्पद आहेच. परंतु संमेलनाचा मांडव उतरल्यानंतर माण, खटाव, आटपाडी किंवा जत तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेच्या आठवीच्या वर्गात त्यातून काय पोहोचले, हा प्रश्न शिल्लक राहतो. या वर्गातील अनेक विद्यार्थी घरातील पहिल्या शिकणाऱ्या पिढीचे असतात. पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक घरात नसणे ही त्यांच्या बाबतीत अपवादात्मक गोष्ट नाही. आपण घरी जी बोली बोलतो तिच्यात पुस्तक लिहिले जाऊ शकते, आणि आपल्यासारख्या घरातील माणूस लेखक होऊ शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पुढे हेच विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांत प्रवेश घेतात आणि वर्गात बोलण्यास कचरतात. म्हणून हा प्रश्न केवळ शालेय शिक्षणाचा नसून उच्च शिक्षणाचाही आहे.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) दोन्ही जिल्ह्यांतील संमेलनपरंपरेत माध्यमिक विद्यार्थ्याचे स्थान तपासणे.
२) ‘विविध लेखक’ या संकल्पनेचा या भूभागाच्या संदर्भात अर्थ स्पष्ट करणे.
३) लेखकभेटीच्या कार्यक्रमाची वाचनाधारित रचना मांडणे.
४) त्यातील अडचणी व महाविद्यालयीन मराठी विभागांची संभाव्य भूमिका यांचा विचार करणे.

३. अभ्यासपद्धती व मर्यादा

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रकाशित साहित्यकृती, संमेलनांचा ज्ञात इतिहास आणि अध्यापनातील प्रत्यक्ष निरीक्षण ही त्याची साधने आहेत. येथे सर्वेक्षण केलेले नाही. त्यामुळे संख्यात्मक निष्कर्ष काढण्याचा हेतू नाही.

४. संमेलनपरंपरा आणि विद्यार्थ्याचे स्थान

साताऱ्यात २०२६ पूर्वी १९०५, १९६२ व १९९३ या वर्षी संमेलने झाली. कराड येथे १९७५ साली दुर्गा भागवत यांच्या अध्यक्षतेखाली आणि २००३ साली सुभाष भेंडे यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले. सांगलीने १९४३ साली श्री. म. माटे आणि २००८ साली म. द. हातकणंगलेकर यांच्या अध्यक्षतेखालील संमेलनांचे यजमानपद भूषविले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवरा’च्या प्रयोगाचे स्थान सर्वश्रुत आहे.

अखिल भारतीय संमेलनापेक्षा विद्यार्थ्याला अधिक जवळचे ठरू शकतील असे स्थानिक उपक्रमही येथे आहेत. पलूस तालुक्यातील औदुंबर येथे कवी सुधांशु यांच्या सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन स्वातंत्र्यपूर्व काळापासून मकरसंक्रांतीला भरत आले आहे. कृष्णाकाठच्या एका लहान गावात हा उपक्रम इतकी वर्षे टिकला, ही बाब लक्षणीय आहे. सातारा शहरातील जिल्हा ग्रंथमहोत्सवात पुस्तक प्रदर्शनाबरोबर व्याख्याने व परिसंवाद होतात. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे गाव मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथे गावातील घरे व सार्वजनिक वास्तू यांत साहित्यप्रकारांनुसार पुस्तके मांडलेली असून कोणीही बसून ती वाचू शकतो. या कल्पनेमागे वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावाचे उदाहरण होते. त्या गावी १९८८ पासून भरणाऱ्या साहित्य महोत्सवात शालेय विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र सत्रे ठेवली जातात. भिलारने पुस्तके आणली. विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम जोडण्यास तेथे अजून वाव आहे.

या सर्व ठिकाणी विद्यार्थ्याची उपस्थिती कोणत्या स्वरूपाची असते, हे पाहणे आवश्यक आहे. ग्रंथदिंडीत तो पारंपरिक वेशात, लेझीम किंवा पालखीसह चालतो. उद्घाटनप्रसंगी स्वागतगीत सादर करतो. क्वचित बालकुमार मेळाव्यात कविता म्हणतो. दिंडीचे सांस्कृतिक मूल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु परिसंवाद सुरू होतो तेव्हा शाळेची गाडी परतीच्या वाटेवर असते. विद्यार्थी संमेलनाची शोभा वाढवितो, मात्र श्रोता किंवा वाचक म्हणून त्याचा विचार झालेला नसतो.

५. ‘विविध लेखक’ म्हणजे कोण?

विविधता हा शब्द अलीकडे सैलपणे वापरला जातो. या भूभागात त्याला नेमका इतिहास आहे. १८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी ग्रंथकारांच्या सभेसाठी पाठविलेल्या निमंत्रणाला महात्मा जोतीराव फुले यांनी पत्राने नकार कळविला. ज्या ग्रंथकारांच्या लेखनात शूद्रातिशूद्रांचे जगणे व हक्क यांना स्थान नाही, त्यांच्या सभेशी आपल्या सभांचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. फुले घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, तर सावित्रीबाईंचा जन्म खंडाळा तालुक्यातील नायगावचा. म्हणजे संमेलनात कोणाचे जगणे मांडले जाते, हा प्रश्न ज्यांनी सर्वप्रथम विचारला त्यांची मुळे याच जिल्ह्यात आहेत. याच दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला होता. शाळकरी मुलगी स्वतःच्या समाजाविषयी लिहिते आणि ते छापले जाते, ही घटना आजच्या माध्यमिक विद्यार्थ्याला सांगण्याजोगी आहे.

विसाव्या शतकातील चित्र आणखी बोलके आहे. वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे १९२० साली जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांना शाळेत फार काळ टिकता आले नाही. तरीही ‘फकिरा’सह विपुल कथा-कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या आणि १९५८ साली मुंबईत झालेल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. आटपाडीचे शंकरराव खरात यांनी ‘तराळ अंतराळ’ हे आत्मकथन लिहिले. ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८४ साली जळगाव येथील अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षही झाले. त्याच माणदेशातील व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’चा निवेदक मेंढपाळांच्या वस्तीवर आलेला तरुण शिक्षक आहे. मुलांना शाळेत आणणे हा तेथे कादंबरीचाच विषय झाला आहे.

फलटण तालुक्याचा येथे स्वतंत्र उल्लेख करावा लागेल. भटक्या कैकाडी कुटुंबातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ हे आत्मकथन १९८० साली प्रसिद्ध झाले व १९८१ साली त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबातील मुलाला शाळेत घालण्याचा बापाचा हट्ट, हा त्या पुस्तकाचा प्रारंभीचा महत्त्वाचा धागा आहे. फलटणच्याच बेबीताई कांबळे लहानसे दुकान चालवीत असत. वाचनाची व लेखनाची सवय त्यांनी तेथेच जोपासली आणि आपले लेखन अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. ते ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूपात आले आणि माया पंडित यांच्या २००८ सालच्या इंग्रजी अनुवादामुळे जगभरच्या विद्यापीठांत वाचले गेले. हे लेखन प्रकाशात यावे यासाठी ज्यांनी प्रोत्साहन दिले त्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनीच फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था व कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. लेखिकेचा शोध घेणारी आणि मुलांना वाचायला शिकविणारी व्यक्ती येथे एकच होती, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

आजचे लेखकही दूर नाहीत. जत तालुक्यातील नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ या कादंबरीस २०१८ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. दुष्काळी भागातील मुलाची शिक्षणासाठीची ओढाताण तिच्यात त्या भागाच्या बोलीत आली आहे. कराड तालुक्यातील आनंद विंगकर यांनी ‘अवकाळी पावसाच्या दरम्यानची गोष्ट’ या कादंबरीत शेतकरी कुटुंबाची शोकांतिका मांडली. डॉ. भवाळकर यांच्या लेखनाने तर जात्यावर ओव्या रचणाऱ्या निरक्षर स्त्रीलाच कवयित्रीचे स्थान दिले आहे. त्या अर्थाने विद्यार्थ्याच्या घरातील आजीही ‘विविध लेखकां’त मोडते.

६. आरसा आणि खिडकी

अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली बालसाहित्याविषयी एक उपयुक्त मांडणी केली. पुस्तक हे वाचकाला स्वतःचे जगणे दाखविणारा आरसा असते, दुसऱ्याचे जगणे दाखविणारी खिडकी असते आणि त्या दुसऱ्या जगात पाऊल टाकू देणारे काचेचे सरकते दारही असते. ज्या मुलांना पुस्तकात स्वतःचे प्रतिबिंब कधीच दिसत नाही, त्यांचा समज असा होतो की आपल्याला किंमत नाही. आणि ज्यांना केवळ स्वतःचेच प्रतिबिंब दिसते, त्यांच्या मनात स्वतःविषयी अवास्तव कल्पना तयार होतात.

ही मांडणी आपल्या वर्गाला लागू केल्यास एक बाब ध्यानात येते. ‘फेसाटी’ जतच्या विद्यार्थ्याला आरसा आहे, तर कृष्णाकाठच्या बागायती गावातील विद्यार्थ्याला ती खिडकी आहे. कालव्याचे पाणी पोहोचलेल्या गावातील मुलाला शेजारच्याच तालुक्यातील टँकरची वाट पाहणारे घर पुस्तकातून प्रथम भेटू शकते. म्हणून ग्रामीण शाळेत ग्रामीण लेखक आणि शहरी शाळेत शहरी लेखक अशी वाटणी करणे योग्य नाही. प्रत्येक शाळेला वर्षाकाठी किमान एक लेखक जवळचा व एक दूरचा मिळावयास हवा. जत तालुक्यात कन्नड भाषक विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. तेथे एखाद्या अनुवादकाची भेट उपयुक्त ठरेल. एस. एल. भैरप्पा यांच्या कन्नड कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणल्या, हे उदाहरण पाहिले तरी दोन भाषा येणे ही उणीव नसून सामर्थ्य आहे, हे विद्यार्थ्यास उमगते.

७. भेटीपूर्वी वाचन : कार्यक्रमाची रचना

प्रस्तुत लेखकाने एका माध्यमिक विद्यालयात पाहिलेला प्रसंग येथे नमूद करणे उचित होईल. एका आत्मकथनकारास मोठ्या आदराने निमंत्रित करण्यात आले होते. पटांगणावर पाचशेहून अधिक विद्यार्थी बसले होते. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, परिचय व सत्कार यांत तासाभराचा वेळ गेला. लेखक वीस मिनिटे बोलले. प्रश्न विचारण्यास सांगितल्यावर “आपल्याला किती पुरस्कार मिळाले?” हा एकच प्रश्न आला, आणि तोही शिक्षकाने लिहून दिलेला होता. शाळेच्या हेतूत काहीही खोट नव्हती. पण एकाही विद्यार्थ्याने त्या पुस्तकाचे एक पानही वाचलेले नव्हते. जे वाचलेलेच नाही त्याविषयी प्रश्न पडणार कसा?

यावर उपाय म्हणून पुढील क्रम सुचविता येतो. त्यास साधारण सहा आठवडे लागतात आणि दर आठवड्यास एक तासिका पुरेशी होते.

पहिला टप्पा निवडीचा. संपूर्ण पुस्तक न घेता आठ ते बारा पृष्ठांचा, स्वतंत्रपणे समजेल असा एक भाग शिक्षकांनी निवडावा. पुस्तकाच्या दहा प्रती शाळेने विकत घ्याव्यात. चार विद्यार्थ्यांस एक प्रत या हिशेबाने चाळीस विद्यार्थ्यांचा गट वाचू शकतो.

दुसरा टप्पा प्रकट वाचनाचा. बोलीतील मजकूर डोळ्यांनी वाचताना अडतो, कानांनी ऐकताना सुटतो. ज्या विद्यार्थ्याच्या घरी ती बोली बोलली जाते तो येथे इतरांचा मार्गदर्शक होतो. एरवी शुद्धलेखनात मागे पडणारा विद्यार्थी वर्गात प्रथमच जाणकार ठरतो, हा या टप्प्याचा मोठा लाभ होय.

तिसरा टप्पा शब्दसंग्रहाचा. मजकुरातील अनोळखी शब्द घरी नेऊन वडीलधाऱ्यांना विचारावेत. अवजारे, दागिने, पिके, नातीगोती यांविषयीचे शब्द आजी-आजोबांकडून मिळतात आणि पुस्तक घरात पोहोचते. ओव्यांचे संकलनही याच वेळी करता येते.

चौथा टप्पा प्रश्नांचा. प्रत्येकाने दोन प्रश्न लिहावेत. शिक्षकांनी ते दुरुस्त करू नयेत. केवळ पुनरुक्ती टाळून पंधरा प्रश्न निवडावेत आणि भेटीपूर्वी आठ दिवस आधी लेखकाकडे पाठवावेत. लेखकालाही आपल्यापुढे वाचक बसणार आहेत याची कल्पना येते.

पाचवा टप्पा प्रत्यक्ष भेटीचा. श्रोते चाळीस ते पन्नासच असावेत. बैठक वर्गात किंवा ग्रंथालयात गोलाकार असावी. औपचारिक भाग दहा मिनिटांत आटोपावा, लेखकाने स्वतः एखादे पान वाचावे आणि निम्मा वेळ प्रश्नोत्तरांस द्यावा.

सहावा टप्पा लेखनाचा. भेटीनंतर विद्यार्थ्यांनी स्वतःच्या परिसराविषयी एक-दोन पृष्ठे लिहावीत. त्यांचे हस्तलिखित तयार करून ते शाळेच्या ग्रंथालयात क्रमांक घालून ठेवावे. आपले लेखन ग्रंथालयाच्या कपाटात आहे ही जाणीव साधी नाही.

८. अडचणी व त्यांचे स्वरूप

पहिली अडचण वेळापत्रकाची आहे. औदुंबरचे संमेलन संक्रांतीला भरते. मराठी भाषा संवर्धन पंधरवडाही जानेवारीत येतो. नेमक्या याच काळात दहावीच्या सराव परीक्षा असतात. म्हणून हा कार्यक्रम आठवी व नववीसाठी आखणे आणि वाचनाचे टप्पे दिवाळीच्या सुटीनंतर लगेच सुरू करणे व्यवहार्य ठरते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन हा निवडीच्या घोषणेसाठी सोयीचा आहे.

दुसरी बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. संमेलनांचा हंगाम हाच ऊसतोडणीचा हंगाम असतो. मराठवाड्यातून आलेल्या तोडणी कामगारांच्या खोपी याच दिवसांत वाळवा, कराड परिसरातील फडांच्या कडेला पडलेल्या असतात. मांडव जेथे उभा राहतो त्याच तालुक्यात शाळेबाहेर राहिलेली ही मुले असतात. स्थानिक शाळेने त्यांना वाचनाच्या गटात सामावून घेतले, तर ‘उपरा’मधील स्थलांतराचा भाग वेगळ्या स्पष्टीकरणाविना वर्गाला समजेल.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक आहे. दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत उपासमार, अपमान, हिंसा व लैंगिक शोषण यांची वर्णने येतात. तेरा-चौदा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी भाग निवडताना विवेक हवाच, परंतु जातिभेदाचा उल्लेखच गाळून टाकणे म्हणजे लेखकाला बोलावून त्याला गप्प बसविणे होय. त्याहून मोठा धोका निराळा आहे. वाचन चालू असताना त्याच समाजातील विद्यार्थ्याकडे साऱ्या वर्गाच्या नजरा वळतात. ‘तुझ्या घरी असेच असते का?’ असा प्रश्न सहृदयतेने विचारला, तरी तो त्या मुलास उघडे पाडतो. पुस्तक त्याच्यासाठी आरसा असेल, पण त्या आरशात इतरांनी त्याला न्याहाळावे असे नाही. कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून बोलावयास लावू नये, स्वतःविषयी सांगणे पूर्णपणे ऐच्छिक ठेवावे आणि चर्चा मजकुराभोवतीच ठेवावी, ही पथ्ये शिक्षकांनी पाळली पाहिजेत. लेखकाची निवडही केवळ ‘आपल्या समाजाचे दुःख सांगणारा’ म्हणून होऊ नये. त्याच्या भाषेविषयी, रचनेविषयी, विनोदाविषयीही प्रश्न विचारले जावेत.

चौथी अडचण आर्थिक आहे. लेखकाचा प्रवासखर्च व मानधन, तसेच दहा प्रतींची किंमत एवढाच मूळ खर्च आहे. शाल, श्रीफळ, हार-तुरे, फलक व छायाचित्रण यांवर होणारा खर्च वाचविला, तर त्याचा मोठा भाग निघू शकतो. लेखकाला मानधन न देता केवळ सन्मानचिन्ह देण्याचा प्रघातही सोडावयास हवा. विद्यार्थ्यांपुढे लेखन हे श्रमाचे काम म्हणून उभे राहावे, यासाठी ते आवश्यक आहे.

ग्रंथालयांची स्थितीही विसरता येत नाही. साताऱ्याचे व सांगलीचे नगर वाचनालय या एकोणिसाव्या शतकातील संस्था आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या वाचनालयातील ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. शहरातील इतक्या जुन्या संग्रहाची ही गत होते, तर एका लोखंडी कपाटात मावणाऱ्या शालेय ग्रंथालयाची काळजी किती घ्यावी लागेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

९. महाविद्यालयांची भूमिका

शाळांकडे विद्यार्थी आहेत, पण लेखकांशी संपर्क व पूरक साहित्य यांची उणीव आहे. महाविद्यालयांच्या मराठी विभागांकडे हे दोन्ही असते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर गावात होतेच. त्यातील एक सायंकाळ प्रकट वाचनास देता येईल. पदवीच्या विद्यार्थ्यांनी शेजारच्या शाळेत जाऊन दुसरा व तिसरा टप्पा घ्यावा, हा त्यांच्या प्रकल्पकार्याचा भाग होऊ शकतो. शिवाजी विद्यापीठाच्या अग्रणी महाविद्यालय योजनेसारख्या रचनेतून एका तालुक्यातील महाविद्यालयांनी एका लेखकाचा दौरा आखल्यास एका प्रवासखर्चात तीन-चार शाळा होतात.

१९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीत बसविले. त्या पंगतीचा वारसा सांगणाऱ्या या जिल्ह्यांत निरनिराळ्या घरांतील पुस्तके एका वर्गात येणे हे त्याच कार्याचे पुढचे पाऊल ठरेल.

१०. निष्कर्ष

१) सातारा व सांगली जिल्ह्यांत संमेलनांची परंपरा समृद्ध असली, तरी माध्यमिक विद्यार्थ्याचा सहभाग प्रामुख्याने समारंभापुरता राहिला आहे.
२) ‘विविध लेखक’ बाहेरून आणावयाचे नसून दोन्ही जिल्ह्यांत त्यांची अखंड परंपरा आहे. तथापि प्रत्येक शाळेस जवळचा व दूरचा असे दोन्ही लेखक मिळणे इष्ट आहे.
३) पूर्ववाचनाविना लेखकभेट निष्फळ ठरते. आठ-बारा पृष्ठांचे सामूहिक वाचन भेटीचे स्वरूप बदलू शकते.
४) आत्मकथनांच्या वाचनात संबंधित समाजातील विद्यार्थ्याच्या प्रतिष्ठेचे रक्षण ही शिक्षकाची पहिली जबाबदारी आहे.
५) मराठी विभागांनी याकडे विस्तारकार्य म्हणून पाहिल्यास अल्प खर्चात हा उपक्रम सातत्याने चालविता येईल.

शंभरावे संमेलन आता समोर आहे. ते कोठेही भरो, त्याच्या ग्रंथदिंडीत चालणाऱ्या विद्यार्थ्याने पालखीतील एखादे पुस्तक आधी वाचलेले असावे, एवढी अपेक्षा आपण शिक्षकांनी स्वतःकडून ठेवण्यास हरकत नाही.